आडनाव, मुलाखत आणि आपली मुले

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी बी. कॉम. झाली. टॅलीचा कोर्स केला, संगणकावर हात बसवला आणि हिंजवडीच्या एका कंपनीकडून तिला बोलावणे आले. वडील मार्केट यार्डात हमाल, आई चार घरची धुणीभांडी करणारी. "दादा, तू ऑफिसातला माणूस, तूच तिच्याबरोबर जा," असे बहीण म्हणाली. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि मामा-भाची पुणे स्टेशनहून सकाळच्या बसने निघालो.

कंपनीच्या फाटकावर वॉचमनने तिचे नाव वहीत लिहून घेतले. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. आधी लेखी परीक्षा झाली, मग संगणकावरची. दोन्हींत ती वरच्या पोरांत होती. शेवटी तोंडी मुलाखत झाली. तेथे हिशेबाचे दोनच प्रश्न विचारले गेले. बाकीचे असे होते : पूर्ण नाव सांगा. मूळ गाव कोणते? वडील काय करतात? राहता कुठे, सोसायटीत की वस्तीत? घरात आधी कोणी कंपनीत होते का? पुढे "कळवू" म्हणाले, पण कळवले काहीच नाही.

परतीच्या बसमध्ये पोरगी बराच वेळ गप्प होती. वाकडच्या पुलाशी गाडी अडकली तेव्हा म्हणाली, "मामा, हिशेबात मी पास झाले. घरच्या माहितीत नापास झाले."

वाचकहो, मी कारकून माणूस. वीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या. व्हाउचर नसेल तर नोंद करायची नाही, हा आमचा नियम. म्हणून पुराव्यावाचून मी असे म्हणणार नाही की माझ्या भाचीला जातीमुळेच डावलले. कदाचित दुसरा उमेदवार तिच्यापेक्षा सरस असेल. एका मुलीच्या अनुभवावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. पण हजारो अर्जांवरून काढता येतो. आणि ते काम विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी करून ठेवले आहे. ते इंग्रजी नियतकालिकांत छापून आले, म्हणून आपल्या वस्तीपर्यंत पोहोचले नाही. ते व्हाउचर आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या मुलांनी जायचे कुठे?

आधी हे पाहू की हा प्रश्न आजच इतका तातडीचा का झाला. आमच्या पिढीला राखीव जागांमुळे नोकरी मिळाली. कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात, कोणी महापालिकेत, कोणी खडकी-देहूरोडच्या संरक्षण कारखान्यांत चिकटला. बाबासाहेबांनी घटनेत घातलेले कलम १६ आमच्या पाठीशी होते. पण ते कलम सरकारी नोकरीपुरते आहे. १९९१ नंतर नवे आर्थिक धोरण आले, सरकारी भरती आटत गेली, जागा कंत्राटावर गेल्या. त्याच काळात मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी, माण या गावांच्या शेतजमिनींवर एमआयडीसीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले. आज पुण्यातली सुशिक्षित पोरे नोकरी म्हणताच हिंजवडीकडे पाहतात. आपलीही पाहतात. तेथे राखीव जागा नाहीत. "आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो," असे तेथे सांगितले जाते. ते खरे असेल तर आनंदच आहे. पण खरे आहे का, हे तपासायला नको?

पहिला उंबरठा : अर्ज

हे तपासण्याचे मोठे काम डॉ. सुखदेव थोरात यांनी केले. ते अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक पॉल ॲटवेल यांच्यासोबत त्यांनी एक साधा प्रयोग केला. तो कोणाही आईबापाला समजेल असा आहे.

ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांच्या गटाने मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती जमवल्या. प्रत्येक जाहिरातीला सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात होता. एका अर्जावरचे नाव वाचताच अर्जदार उच्चवर्णीय हिंदू वाटावा, दुसऱ्यावरचे वाचून दलित वाटावा, तिसऱ्यावरचे वाचून मुसलमान वाटावा. अर्जदार खरे नव्हते, कागदावरचे होते. पण जाहिराती खऱ्या होत्या आणि अर्ज उघडणारे साहेबही खरे होते. ५४८ जाहिरातींना मिळून ४,८०८ अर्ज गेले. मग कोणाला लेखी परीक्षेचे किंवा मुलाखतीचे बोलावणे येते, याची नोंद ठेवली.

निष्कर्ष २००७ च्या ऑक्टोबरमध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाच्या अर्जाची बोलावणे येण्याची शक्यता १०० धरली, तर तितक्याच शिकलेल्या दलित नावाच्या अर्जाची ६७ भरली. मुसलमान नावाची तर ३३ च. पदवी तीच, अनुभव तोच. कमी झाले ते केवळ नावामुळे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे सर्व अर्ज तरुण पुरुषांच्या नावाचे होते. आपल्या मुलींना जात आणि बाईपण अशी दोन ओझी मिळून किती भार पडतो, त्याचे माप या प्रयोगात नाही.

असाच प्रयोग अमेरिकेत शिकागो आणि बोस्टन या शहरांत झाला होता. शिकागो विद्यापीठाच्या मारियान बर्ट्रांड आणि एमआयटीचे सेंधिल मुल्लइनाथन यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. गोऱ्यांमध्ये चालणाऱ्या नावाला सुमारे १० अर्जांमागे एक बोलावणे आले, काळ्यांमध्ये चालणाऱ्या नावाला १५ अर्जांमागे एक. म्हणजे हे दुखणे जगभरचे आहे. तेथे वंश आहे, येथे जात आहे.

पण दुसरी बाजूही ऐका

आता अशी एक गोष्ट सांगतो की जी काही बांधवांना आवडणार नाही. पण खरे ते सांगितलेच पाहिजे. याच बर्ट्रांडबाई आणि मुल्लइनाथन यांनी अभिजित बॅनर्जी आणि सौगतो दत्ता यांच्यासह दिल्ली आणि आसपासच्या भागात हा प्रयोग पुन्हा केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे अभिजित बॅनर्जी म्हणजे २०१९ चे नोबेल मानकरी. या वेळी ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज गेले. जागा दोन प्रकारच्या होत्या : सॉफ्टवेअरच्या आणि कॉल सेंटरच्या. हिंजवडीत दोन्ही चालतात.

सॉफ्टवेअरच्या जागांत मागास जातींच्या नावांवर अन्याय झाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. कॉल सेंटरच्या जागांत मात्र उच्चवर्णीय नावांना जास्त बोलावणी आली. इतर मागासवर्गीय नावे स्पष्टपणे मागे पडली, अनुसूचित जातींची त्यामानाने थोडी.

असे का व्हावे? मला जे उमगले ते असे. सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम चालतो की नाही, हे तपासता येते. काम मोजता येते. कॉल सेंटरमध्ये बोलण्याची ढब, उच्चार, घरचे वळण, 'छाप' पाहिली जाते. ही छाप कोणत्या फूटपट्टीने मोजायची? तेथे साहेबाच्या मनातली फूटपट्टी चालते आणि त्या फूटपट्टीवर जात बसलेली असते. जेथे काम मोजतात, तेथे आडनाव मागे सरते. जेथे माणूस नुसता पारखतात, तेथे आडनाव पुढे येते. या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच.

दुसरा उंबरठा : मुलाखत

वरचे दोन्ही प्रयोग अर्जापासून बोलावण्यापर्यंतचे आहेत. मुलाखतीच्या खोलीत काय होते? समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि त्या वेळी प्रिन्स्टन विद्यापीठात असलेल्या कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या २५ भरती अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलून २००७ मध्ये त्यावर लिहिले. जातीचे नाव कोणी काढत नव्हते. आम्ही जात मानत नाही, गुणवत्ता मानतो, असेच सगळे सांगत होते. पण उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र जवळजवळ सगळेच पाहत होते. वडील काय करतात, घर कसे आहे, भावंडे काय शिकली, यावरून मुलगा 'चांगल्या घरातला' आहे की नाही ते ठरवत होते.

माझ्या भाचीला नेमके हेच विचारले होते. हमाल बाप, मोलकरीण आई आणि पदवीधर मुलगी. मी मुलाखत घेणारा असतो तर तिला चार गुण जास्त दिले असते. हमालाच्या घरातून बी. कॉम. होणाऱ्या पोरीला मेहनत कशाशी खातात ते कोणी शिकवावे लागत नाही. पण तीच माहिती दुसऱ्या माणसाच्या हातात पडली की ती उणी बाजू ठरते.

अश्विनी देशपांडे आणि न्यूमनबाईंनी दिल्लीतल्या तीन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. त्यात दलित विद्यार्थी सुरुवातीपासूनच कमी पगाराची अपेक्षा धरून होते. हे वाचून माझे मन फार खिन्न झाले. दारावर धक्का बसण्याआधीच आपले पोर मान खाली घालून चालू लागते. यांतले थोरात आणि न्यूमन यांचे अभ्यास त्यांनीच संपादित केलेल्या 'ब्लॉक्ड बाय कास्ट' या २०१० च्या इंग्रजी ग्रंथात एकत्र आले आहेत. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी ग्रंथालयातून तो जरूर मागून घ्यावा.

गिरणीतला धागा

ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना नवी नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. त्या खात्यात पगार जास्त होता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगार ओढणार कसा? म्हणून आपल्या माणसांनी कमी पगाराच्या खात्यांत खपायचे. काम जमत नव्हते असे नाही, शिवू देत नव्हते.

१९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगारांच्या मागण्यांत विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणीही हवी, असा त्यांचा आग्रह होता. आणि १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. पगाराची लढाई आणि समतेची लढाई त्यांनी वेगळी मानली नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी जे काम केले, त्याचे फळ आठवड्याला ४८ तासांच्या रूपाने सर्व जातींच्या कामगारांना मिळाले.

गिरण्या गेल्या, धोटा गेला. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत कोणी धागा तोंडाने ओढत नाही. पण 'घरचे वळण' आणि 'छाप' हे शब्द जोवर निवड ठरवतात, तोवर तो धागा तुटला असे मी म्हणणार नाही.

तिसरा उंबरठा : फाटकाच्या आत

सकाळी हिंजवडीला जाणाऱ्या बसमध्ये आपल्या वस्तीतल्या कितीतरी बाया असतात. त्या हाऊसकीपिंगला जातात. पोरे सिक्युरिटीला असतात, कोणी पाठीला पेटी अडकवून जेवणाची पार्सले पोहोचवतो. फाटकाच्या आत ते रोज जातात, पण ते कंपनीचे नव्हेत, ठेकेदाराचे. मोबाइलवरच्या कामात तर ठेकेदारही दिसत नाही. अशा कामाचे मोजमाप कोणी करायचे?

त्याचीही सुरुवात झाली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या 'फेअरवर्क' या उपक्रमात बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतले संशोधक मोबाइलवरून काम देणाऱ्या भारतातल्या कंपन्यांना १० पैकी गुण देत आले आहेत. भारताचा पहिला अहवाल २०१९ चा. निकष पाच आहेत : योग्य मोबदला, कामाची योग्य परिस्थिती, योग्य करार, योग्य व्यवस्थापन आणि कामगारांचे प्रतिनिधित्व. २०२२ च्या अहवालात १२ कंपन्या तपासल्या होत्या. पहिल्या आलेल्या कंपनीला ७ गुण होते, आणि पाच कंपन्यांना शून्य. कामगारांच्या संघटनेला मान्यता देण्याच्या निकषावर एकीलाही गुण मिळवता आला नाही.

एरवी आपल्या पोरांना गुण देणारे हे लोक. त्यांच्याही हातात कोणीतरी गुणपत्रिका ठेवली, ही मोठी गोष्ट आहे. जबाबदार उद्योग म्हणजे वर्षातून एकदा झाडे लावणे आणि वह्या वाटणे नव्हे. आपल्या दारात कोण शिरतो, कोण अडतो आणि आत आलेल्याला काय मिळते, याचा हिशेब उघडा ठेवतो तो जबाबदार उद्योग.

मग करायचे काय?

कंपन्यांपुढे मागण्या ठेवायच्या तर त्या या संशोधनातून सरळ निघतात. पहिल्या छाननीत अर्जावरचे नाव-आडनाव झाकावे. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारावेत. प्रत्येक उत्तराचे गुण तेथल्या तेथे लिहावेत. वडिलांचा धंदा आणि घरचा पत्ता हे निवडीचे प्रश्न नव्हेत, ते बंद करावेत. कोणत्या समाजातले किती लोक कोणत्या पदावर आहेत, हे दरवर्षी जाहीर करावे. यातली एकही गोष्ट गुणवत्तेच्या आड येत नाही. गुणवत्ताच पाहायची आहे ना? मग ती नीट मोजून पाहा, एवढेच आपले म्हणणे.

कायद्याचे बोलायचे, तर अस्पृश्यतेच्या कारणाने कोणालाही नोकरीधंद्यात आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण आडनाव पाहून अर्ज बाजूला सारला, हे एकट्याने सिद्ध करणे फार कठीण. खासगी भरतीतला भेदभाव रोखणारा स्वतंत्र, सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. तिकडे अमेरिकेतल्या सिॲटल शहराने २०२३ च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. जात येथून विमानाने तिकडे गेली, आणि तिच्या पाठोपाठ तिच्याविरुद्धचा कायदाही तिकडे झाला. ज्या भूमीत ती जन्मली तेथे मागे राहण्याचे कारण नाही.

आणि आपल्या घरात? माझ्या माताभगिनींना आणि बांधवांना चार गोष्टी सांगतो.

एक. मुलांना मोजता येणारे कौशल्य द्या. नुसती पदवी पुरत नाही. टॅली, प्रोग्रामिंग, यंत्रावरचे काम, चांगले इंग्रजी, यांपैकी काहीतरी हातात पक्के हवे. पुण्यात बार्टीमार्फत अनुसूचित जातींच्या मुलांसाठी प्रशिक्षणे चालतात. तेथे जाऊन चौकशी करा.

दोन. अर्जाची प्रत, परीक्षेची तारीख, मुलाखतीत विचारलेले प्रश्न, सगळे वहीत लिहून ठेवायला मुलांना शिकवा. एका वहीने काही होणार नाही. पण वस्तीतल्या पन्नास वह्या एकत्र झाल्या तर तो पुरावा होतो.

तीन. आईबापाचे काम लपवायला शिकवू नका. "वडील काय करतात?" या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर द्यायची सवय लावा.

चार. आपले जे बांधव आधीच या कंपन्यांत लागले आहेत, त्यांनी रविवारी दोन तास विहारात यावे. मुलांच्या खोट्या मुलाखती घ्याव्यात, चुका दाखवाव्यात, कंपनीत जागा निघाली तर कळवावे. इतर समाजांतल्या मुलांना असे काका-मामा घरातच असतात. आपल्या मुलांना ते विहारात मिळाले पाहिजेत.

आमच्या वस्तीतल्या विहारात हे सुरू झाले आहे. पहिल्या रविवारी सात मुले होती. मुलाखत घ्यायला मी बसलो, आणि समोर माझी भाची. मी मुद्दामच विचारले, "वडील काय करतात?"

क्षणभर तिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मार्केट यार्डात हमाल आहेत. रोज किती पोती उचलली त्याचा हिशेब ते रात्री मला सांगायचे आणि मी तो लिहायचे. हिशेब मी तेथेच शिकले. आता आपण हिशेबाचे प्रश्न विचाराल का?"

मागे बसलेल्या आयांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात ती पुन्हा हिंजवडीला जाणार आहे. या वेळी मला रजा टाकावी लागणार नाही. ती एकटीच जाते म्हणाली.